सोमवारपर्यंत थांबलेला राब

गेल्या उन्हाळ्याचा अंदाज टीव्हीवर सांगत होते, तेव्हा मी बंगल्यात पाहुण्यांच्या पोळ्या लाटत होते. देशाचा नकाशा लालभडक. यंदा ऊन नेहमीपेक्षा जास्त, उष्णतेच्या लाटा, आणि मधूनमधून वादळी वारे, गारा, विजा. निवेदिकेनं दोन्ही गोष्टी एका दमात सांगितल्या. मला दोन्ही ऐकू आल्या. बंगल्याच्या मालकांना मात्र पहिली तेवढी ऐकू आली. "पुण्यात भाजून निघू आपण. सुट्ट्या जोडून आल्या की सगळे इकडेच येऊ," असं ते बायकोला म्हणाले.

बंगला वडिवळ्याच्या बाजूला, धरणापासून थोडा वर. माझा नवरा तिथे राखण करतो, मी स्वयंपाक. गावात आमची मुसलमानांची मोजकीच घरं, जमीन एकालाही नाही. कुंपणाला लागून मावशीची भातखाचरं आहेत. मावशी माझ्या रक्ताची नव्हे, पण माझी दोन्ही बाळंतपणं तिनं काढली, तेव्हा नातं कशाला म्हणतात ते मला कुणी शिकवू नये.

आमच्याकडे भाताचं रोप टाकायच्या आधी ती जागा भाजून घ्यावी लागते. त्याला राब म्हणतात. शेण, वाळला पाला, तोडलेल्या फांद्या असे थरावर थर घालायचे, वरून थोडी माती पसरायची आणि वाऱ्याच्या उलट अंगानं पेटवायचं, म्हणजे आग दमादमानं जाते. तण जळतं, माती तापते, रोप तरारून येतं. मावशीला एकच म्हैस. दिवाळीपासून ती शेणाची पाटी डोक्यावर घेऊन जात होती, फांद्या रानातून ओढून आणत होती. तिचं वय झालंय, गुडघे बोलतात. मी संध्याकाळी जमेल तेवढा हात लावायचे. वर्षाचा तांदूळ त्या राबावर अवलंबून असतो. तो भिजला की संपलं.

राब एकट्यानं भाजत नाहीत. वारा फिरला तर आग डोंगरात शिरते, म्हणून चार माणसं हिरवे टहाळे घेऊन उभी राहतात. गावातली पोरं आंबीच्या कंपन्यांत कामाला. त्यांना सुट्टी गुरुवारी, म्हणून मावशीनं गुरुवार धरला. माणसं जमली, हंडे भरून ठेवले. आणि जोडून आलेल्या सुट्ट्यांना बंगल्यावर उतरलेले मालक कुंपणाशी आले.

"मावशी, एवढ्या उन्हात आग लावताय? अहो, टीव्हीवर सांगतायत, देशभर लाट आहे. त्यात आमच्याकडे पाहुणे आलेत, सगळा धूर आत येणार. सोमवारपर्यंत थांबा ना, आम्ही गेलो की लावा."

मी मध्ये तोंड घातलंच. म्हटलं, "साहेब, त्याच टीव्हीनं वादळाचंही सांगितलंय."

"ते दरवर्षी सांगतात हो. तुरळक ठिकाणी म्हणजे कुठेच नाही."

"मग उन्हाचं तेवढं खरं का?" मी विचारलं. नवऱ्यानं असं बघितलं, की आमच्या दोघांची नोकरी मला त्याच्या डोळ्यांत दिसली.  पण मला मालकांपेक्षा जास्त राग आला मावशीचा. तिनं काडेपेटी कमरेला खोचली आणि म्हणाली, "ऱ्हाऊ द्या भाऊ. पावनं हायेत तुमचं. थांबते की मी."

पावनं हायेत. झालं. आमच्या गावात पाहुण्याचं नाव काढलं की कोणी पुढे बोलतच नाही. पाहुणा कुणाचा, आला कशाला, राहणार किती, कुणी विचारत नाही. माणसांनी टहाळे खाली टाकले आणि सगळी आपापल्या घरी गेली. जमीन तिची, शेण तिचं, गुडघे तिचे, आणि सोय कुणाची बघायची? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली ती अजून उतरलेली नाही.

शनिवारी दुपारी पत्रा तापून हात लावू देत नव्हता. चारच्या सुमाराला आंदर मावळाकडून अंधारून आलं, आणि वारा असा सुटला की बंगल्याच्या गच्चीवरच्या खुर्च्या खाली आल्या. पाहुणे मोबाइल काढून व्हरांड्यात धावले. मालकीणबाई आत येऊन म्हणाल्या, "काय मस्त वातावरण झालंय, भजी टाका ना पटकन." मी कढई ठेवली. खिडकीतून बघते तर मावशी एकटी ताडपत्री ओढत राबाकडे चाललेली. मी गॅस बंद केला आणि विचारायच्या भानगडीत न पडता निघाले.

आम्ही दोघींनी ताडपत्रीची टोकं धरली, दगड ठेवले. गारा पाठीवर बसत होत्या. दुसऱ्या झपाट्यात ताडपत्री आमच्या हातातून गेली आणि बाभळीत जाऊन फाटली. पुढं बघण्यासारखं काही राहिलं नाही. वरची माती खाली गेली, शेणाचा रबडा झाला, पाला वाहून बांधाला लागला. नंतर आठवडाभर रोज दुपारी पाऊस येत राहिला. ते पुन्हा वाळलंच नाही.

त्या शनिवारी पाऊस थांबल्यावर मी ओल्या कपड्यांनीच बंगल्यात परत गेले. मालकीणबाईंनी भजी स्वतः तळली होती. त्या मला रागावल्या नाहीत. उलट एक ताट झाकून दिलं, "तुमच्या त्या मावशींना नेऊन द्या, भिजल्यात बिचाऱ्या." मनानं वाईट बाई नव्हती, हे मला कबूल करावं लागतं, आणि त्याचाच जास्त संताप येतो.

मावशी ओट्यावर बसून पायाचा चिखल खरवडत होती. ताट घेतलं, एक भजं खाल्लं. म्हणाली, "चांगली झाल्यात. पावन्यांना सांग, आता धूर न्हाई व्हायचा. आरामात ऱ्हावा म्हनावं."

टोमणा असेल म्हणून मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. टोमणा नव्हता. मी परत आले आणि मालकांना तिचा निरोप शब्दाला शब्द सांगितला.

"अरे वा," ते म्हणाले. "थँक्यू सांगा त्यांना."