माहेरची खोली

बहिणीनं बापाच्या घरात वाटा मागायचा नाही, अशी आमच्या पेठेतली रीत. भाऊबीजेला भावाला ओवाळायचं, साडीचोळी घ्यायची आणि तो पुढं करील त्या हक्कसोडपत्रावर अंगठा द्यायचा. ह्याला माया म्हणतात. माझ्या आईनं ओवाळलं, साडी घेतली आणि अंगठा दिला नाही.

वडील गेल्यावर आई मला घेऊन आजोबांच्या घरी, मागच्या खोलीत राहायला आली. खानावळीत भाकऱ्या थापून तिनं मला बी.ए. केलं. आमच्या अख्ख्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे मी आजही छाती काढून सांगते. आजोबा वारले, आणि मामाला ती खोली भाड्यानं द्यायची घाई झाली.

"अक्का, शिमग्यापातूर खोली मोकळी कर."

"का रं? मी काय पावणी हाय?"

"लगीन झालेल्या बहिणीचा कसला हक्क? आन् साडी घेतलीस की!"

आई हलेना, तेव्हा मामा कोर्टात गेला. गरिबाला कोर्टात मोफत वकील मिळतो, असं मी वर्तमानपत्रात वाचलं होतं. आईला सांगितलं तर ती भडकलीच. "फुकटचा वकील? भीक मागायला शिकलीस व्हय कॉलेजात?"

"भीक कसली? कायद्यात सोय आहे. मामानं वकील लावलाय. आपण काय नुसतं रडत उभं राहायचं?"

कोर्टाच्या आवारातल्या, मोफत वकील देणाऱ्या कचेरीत कारकुनानं मला खालवर न्याहाळलं. "पदवीधर मुलीची आई गरीब कशी हो?"

"पदवी मला मिळालीय, नोकरी नाही. अजून आईच भाकऱ्या थापते. हा उत्पन्नाचा दाखला." बसा असं कुणी म्हणालं नव्हतं, तरी मी खुर्ची ओढून बसले, आईलाही बसवलं.

मिळालेले वकील तरुण होते, सायकलवरून यायचे. विधवा मुलीला बापाच्या घरात राहायचा हक्क कायद्यानंच दिलाय, हे त्यांनी आईला नीट समजावलं.

"मग आजवर मला कुणी सांगितलं का न्हाय?" आईनं विचारलं.

दावा उभा राहिला. मामाच्या वकिलांनी सगळा जोर साडीवर दिला. "भाऊबीजेला साडी घेतली की नाही? तेवढंच सांगा."

"घेतली. त्यानं साडी दिली, मी ओवाळलं. फिटलं. खोली कुठनं आली मधी?" आई एवढ्यावर थांबणारी नव्हती. "वकीलसाहेब, तुमीबी बहिणीला साडी देत असशीला की. तिच्याकडनंबी घर लिहून घेतलंसा व्हय?"

मागच्या बाकावर कुणीतरी फस्सकन हसलं. वकिलांनी साडीचा विषय सोडून पुढचा प्रश्न काढला.

आईला खोलीतून काढता येणार नाही, असा निकाल लागला. मामानं बोलणं टाकलं. भावाला कोर्टात ओढणारी बाई म्हणून पेठेनंही नावं ठेवली. बहिणीला घराबाहेर काढणाऱ्या भावाला मात्र कुणी नाव ठेवलं नाही, हे मी ज्याला-त्याला तोंडावर सुनावलं.

एकदा पाणी भरताना शेजारीण हळहळली, "खोली मिळाली, पर माहेर तुटलं की गं तुझं."

आईनं घागर कमरेवर घेतली. "तुटतंय कशानं? ऱ्हातीया की त्यातच."