ब्रह्मपुत्राला दिलेली टोपी

मी देव मानत नव्हतो, गणित मानत होतो. सरकारी कारखान्यात इंजिनिअर म्हणून आयुष्य काढलं आणि निवृत्तीनंतर, बासष्टाव्या वर्षी, ब्रह्मपुत्र पोहून पार करायचं डोक्यात घेतलं. बेंगळुरूत सर्जापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या पूलमध्ये कमरेला दोर बांधून, तो शिडीला अडकवून मी तासन् तास जागच्या जागी पोहायचो. शेजारी हसायचे. वॉचमन मंजण्णा मात्र कळवळून कानडीत म्हणायचा, "सर, स्वल्प रेस्ट तगोळी," जरा विश्रांती घ्या. मी कुणाचंच ऐकत नसे.

आसामला निघताना पत्नीने बॅगेत ओटीचं सामान भरलेलं पाहून मी तिची थट्टा केली. "अगं, तो नद आहे, पुरुष. त्याची ओटी कशी भरणार?"

"मग पुरुषाचा मान देऊ," ती म्हणाली. "टॉवेल, टोपी, नारळ."

मी पाण्यात उतरल्यावर तिने खरोखरच नारळाला टोपी घातली, केशरी टॉवेलात घट्ट बांधला आणि माझ्यामागून सोडून दिला. होडीवाल्यांसमोर मला लाजच वाटली.

अर्ध्यावर सोबतच्या होडीचं इंजिन बंद पडलं आणि ती दूर वाहत गेली. प्रवाह मला ओढत होता, आणि मी कागदावर आखलेली मार्गाची रेघ सोडायची नाही म्हणून त्याच्याशी झुंजत होतो. खांदे भरून आले, श्वास पुरेना. आता आपण बुडणार, हे कळलं तेव्हा तोंडून "सांभाळ रे बाबा" निघालं. कुणाला म्हणालो, ठाऊक नाही. तेवढ्यात शेजारी केशरी काहीतरी हललं. आमचाच नारळ होता. मी झुंजत जागीच अडकलो होतो, तो निवांत मागून आला होता. मी हात थांबवले आणि त्याच्यामागे अंग सोडून दिलं. तो तिरका वळला, वाळूच्या एका बेटाकडे. थोड्या वेळाने पायांना वाळू लागली आणि मी तिथेच बसून रडलो.

पैलतीर राहूनच गेला. इंजिन सुरू करून परतलेल्या होडीवाल्यांनी मला काठावर आणलं तेव्हा नारळ पोटाशी धरलेला होता. पत्नी डोळे पुसत म्हणाली, "अहो, दिलेला मान कुणी परत आणतं का?" मी तो पुन्हा पाण्यात सोडला, या वेळी हात जोडून.

याला चमत्कार म्हणावं का, यावर मी वाद घालणार नाही. प्रवाहाचं गणित मांडता येईलही. पण मी हाक मारली आणि कुणीतरी आलं, एवढ्यावर माझं मन भरून येतं. परतल्यावर शिडीचा दोर मी सोडून टाकला. हल्ली पोहून झालं की पाण्यावर उताणा पडून राहतो.

"रेस्टा, सर?" मंजण्णा विचारतो.

"हो अण्णा," मी म्हणतो, "स्वल्प."