सहा इंच उंच पिकअप

मोहियोद्दीन पिंजाऱ्याची पिकअप जमिनीपासून टपापर्यंत सहा फूट दोन इंच उंच आहे. हे मला ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. पण २०१८ च्या मे महिन्यात आमच्या गल्लीत दुसरा विषयच नव्हता. ती गाडी सहा फूट आठ इंच करायची की नाही, यावर लातुरातली शहाणी माणसं बोलत होती, आणि लातुरात शहाण्यांची टंचाई कधीच नसते.

मोहियोद्दीन मूळचा लोह्याचा. वडिलांचं बोट धरून लातूरला आला आणि त्यांच्याच हाताखाली गाद्या भरायला शिकला. मी त्याला पहिल्यांदा पाहिलं ते भूकंपाच्या तिसऱ्या दिवशी, २ ऑक्टोबर १९९३ ला. शाळेच्या मैदानावर मी मदतीच्या सामानाची यादी लिहीत होते. 'लोहेवाले पिंजारी, बापलेक, रजया चाळीस' अशी नोंद माझ्या त्या वर्षीच्या वहीत आहे. वर पाऊस, खाली काळी माती. पडलेल्या गावांच्या वाटेत कुणाचं काय फसलं होतं याची मोजदाद नव्हती. या दोघांनी भाड्याचा टेंपो सडकेवरच सोडला आणि रजया डोक्यावर घेऊन दीड मैल चालत गेले. पाच खेपा केल्या. दुसऱ्या दिवशी पोरगा मैदानावर अनवाणी आला. विचारलं तर म्हणाला, "चप्पल तिकडंच हाय, काकू. मातीनं ठेवून घेतली."

पुढे लातूरला क्लासेस आले. म्हणजे क्लास आधीही होते, पण आता शहरच एक क्लास झालं. दर जूनला जिल्ह्याजिल्ह्यांतून मुलं डॉक्टर व्हायला यायची आणि प्रत्येकाला निजायला गादी लागायची. मे महिन्यात परीक्षा झाली की मुलं घरी जायची, गाद्या हॉस्टेलात राहायच्या. मोहियोद्दीन त्या गोळा करून आणायचा, उसवायचा, कापूस पुन्हा पिंजायचा, उन्हात घालायचा आणि नव्या खोळीत भरून नव्या मुलांना द्यायचा.

"या एका कापसावर चार डॉक्टर झाले, काकू," असं तो अभिमानाने सांगायचा. त्याच कापसावर जे झाले नाहीत त्यांचं नाव तो घेत नसे. क्लासवालेही घेत नाहीत.

त्याची बायको जन्नतबी खोळी शिवते. आणि एकुलता एक मुलगा वकार पिकअप चालवतो. वकारने दोन वर्षं डॉक्टर व्हायचा आणि एक वर्ष पोलीस व्हायचा क्लास लावून पाहिला होता. कापूस नाकात जातो म्हणून तो पिंजायच्या मशीनजवळ बसत नसे. गाडी मात्र जीव लावून चालवायचा, तेही आवडीपेक्षा घराबाहेर राहता येतं म्हणून.

हॉस्टेलच्या अशाच एका फेरीत त्याला हरिओम सर भेटले.

हरिओम सर फिजिक्सचे. मूळचे भोकरकडच्या एका खेड्यातले. लहानपणी चिखल तुडवत शाळेत गेले, आणि त्या चिखलातून सुटायचं म्हणूनच शिकले, असं त्यांच्या प्रत्येक भाषणात असायचं. आता त्यांनी एक मोठी जीप घेतली होती आणि दर रविवारी ते त्याच चिखलात परत जात होते. सोबत पालक, डॉक्टर मंडळी आणि ताण घालवायला निघालेले काही विद्यार्थी असायचे. याला ते एक्सप्लोरिंग म्हणायचे. जीपला बाजूने एक उंच काळं नळकांडं बसवलेलं होतं. गाडी छातीभर पाण्यात गेली तरी इंजिनाला वरून श्वास घेता यावा म्हणून. दोनच वर्षांपूर्वी या शहराला रेल्वेनं पाणी आलं होतं. सर बहुधा त्या रेल्वेच्या स्वागताला जायची तयारी करत असावेत.

सरांना सामान आणि माणसं न्यायला आणखी एक गाडी हवी होती. त्यांनी वकारला सांगितलं, पिकअप सहा इंच उचल, रुंद टायर टाक, टपावर लाईटची पट्टी लाव, पुढे ओढकाम करणारं विंच बसव. मग दर रविवारी तू आमचा पार्टनर. पुण्याच्या एका गॅरेजचं पुस्तकही दिलं.

ते पुस्तक घेऊन २० मे रोजी सकाळी मोहियोद्दीन माझ्याकडे आला. गल्लीतले इंग्रजी कागद वाचून दाखवायचं काम वर्षानुवर्षं माझ्याकडेच आहे.

"काकू, जरा बघा बरं यात काय लिहून राहिलेत. पोट्टं म्हणतंय गाडी उंच केली की कुठंबी जाती."

मी वाचलं. "यात म्हटलंय, जिथे रस्ता संपतो तिथे तुमचा प्रवास सुरू होतो."

"आमच्या लोह्यात घराच्या दारातच संपत होता," तो म्हणाला. मग खाली बघून हळू आवाजात म्हणाला, "खरं सांगू? मला गाडीचं कायबी पडलेलं नाही. वकार म्हणून राहिला, हे नाही केलं तर हैदराबादला जातो, मामाच्या दुकानात. एकदा गेलं की ते परत येतंय कशाला?"

म्हणजे प्रश्न सहा इंचांचा नव्हता. पोरगं घरात ठेवायचं तर गाडी उचलावी लागणार होती.

तरीही तो पिंजारी होता, न मापता कापड फाडणारा नव्हे. दुसऱ्या दिवशी त्याने एक बांबू घेतला, त्यावर सहा फूट आठ इंचांवर लाल चिंधी बांधली आणि पायी हॉस्टेलं फिरू लागला. लातूरची हॉस्टेलं अशी बांधलेली असतात की खाली गाड्या, वर मुलं, आणि मुलांचा एक मजला जास्त बसावा म्हणून खालचं छत जमेल तितकं खाली. पिकअप आत शिरायची ती चार बोटं राखून. मोहियोद्दीन बांबू उभा धरून फाटकाफाटकातून चालायचा आणि वॉचमन हसायचे.

"काय मोहियोद्दीनभाई, उंट आणालाव का?"

"उंटच म्हण बाबा. पोराला उंटावर बसायचंय."

एक्केचाळीस हॉस्टेलांपैकी सव्वीस ठिकाणी लाल चिंधी छताला अडकली. तिथे गाद्या रस्त्यावर उतरवून आत वाहून न्याव्या लागणार होत्या, तेही जूनच्या गर्दीत, जेव्हा पोलीस दोन मिनिटं गाडी उभी राहू देत नाहीत.

हे ऐकून हरिओम सर स्वतः मोहियोद्दीनच्या घरी आले. गादीवरच बसले आणि म्हणाले, "मोहियोद्दीनभाई, तुमचा बेसिक कन्सेप्ट क्लिअर नाही. तुम्ही छत बघता, मी आकाश बघतो."

"गाद्या आकाशात पोचवायच्या न्हाईत ना सर," जन्नतबी मशीनवरून मान न उचलता म्हणाली.

"भाभी, डाउट विचारा, टोमणे नको."

"बरं, डाउट विचारते. तुम्ही तिकडं माळावर जाऊन करता काय?"

"एक्सप्लोअर. म्हणजे शोध घेतो."

"कामून? काय हरवलंय तुमचं?"

सरांनी हा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा ठरवला. वकार मात्र लाल झाला. "अम्मी, तू गप बैस! तुमच्या दोघांच्या डोक्यात निस्ता कापूस भरलाय." आणि तो बाहेर निघून गेला. मोहियोद्दीनने भिंतीला टेकवलेला बांबू उचलला, चिंधी सोडली, घडी करून खिशात ठेवली.

"सर," तो म्हणाला, "एकदा तुमची जीप चालवून दाखवा. मग पुण्याला फोन करतो."

ठरलं ते असं. रविवार, ३ जून. मुरूडच्या अलीकडे एक माळ, तिथे सरांचा मुक्काम. मोहियोद्दीनला त्याच दिवशी मुरूडच्या एका लग्नघरी वीस गाद्या पोचवायच्या होत्या, म्हणून पिकअप भरूनच निघाली. मलाही मुरूडला नणंदेकडे जायचं होतं, त्यामुळे मी पुढे, बापलेकांशेजारी बसले होते. आदल्या दिवशी तासभर पाऊस झाला होता.

सडकेवरून माळाकडे एक पाणंद जाते, दोन्ही बाजूंनी काळं रान. सरांच्या मागून आलेल्या तीन गाड्यांतली मंडळी चपला हातात घेऊन कडेकडेने पायी पुढे गेली होती. जीप मात्र गर्जना करत पाणंदीत शिरली. पन्नास पावलं झकास गेली. मग चाकांनी माती घ्यायला सुरुवात केली. रुंद टायर असल्यामुळे रुंद माती घेतली. ती चाकांभोवती गुंडाळत, मडगार्डात दाबत, चाकं अशी फुगली की फिरायला जागाच उरली नाही. जीप थांबली. सरांनी विंचची तार काढून एका बाभळीला बांधली. यंत्र सुरू झालं. जीप जागची हलली नाही; बाभळ मात्र मुळासकट जीपकडे आली.

इतक्यात पाणंदीच्या पलीकडून एक मोटरसायकल आली. तिला मडगार्डच नव्हतं. पावसाळ्याआधी इकडे शेतकरी ते काढूनच ठेवतात. गाडीवर ग्यानोबा, ज्यांच्या बांधावर ती बाभळ मघापर्यंत उभी होती.

त्यांनी बाभळ पाहिली, जीप पाहिली, ते काळं नळकांडंही नीट पाहिलं.

"कुठं निघालाव, साहेब?"

"कुठं असं नाही. असंच. एक्सप्लोअर करायला."

"कुठंच जायचं न्हवतं?"

"नाही."

"मग पोचलाव की," ग्यानोबा म्हणाले आणि तंबाखू मळत बांधावर बसले.

मी सडकेवर पिकअपमध्ये बसले होते आणि मोहियोद्दीनकडे बघत होते. मला वाटलं, आता हा मुलाला काहीतरी ऐकवणार. हक्क होता त्याचा. पण त्याने पिकअपचा मागचा फाळका पाडला, चप्पल काढून चाकापाशी ठेवली, पायजमा गुडघ्यापर्यंत खोचला आणि एक गादी डोक्यावर घेतली. माळावर बारा शहरी माणसं ओल्या गोट्यांवर ताटकळत उभी होती, आणि त्यांचे तंबू जीपमध्ये अडकले होते.

"अब्बा, ठेवा ती," वकार म्हणाला. "तुमचा गुडघा."

"तुझ्या आजोबांनी पाच खेपा केल्या होत्या. मी एक करतो."

वकारने बापाच्या डोक्यावरची गादी काढून स्वतःच्या डोक्यावर घेतली. मग बूट काढले. ते बूट नवे होते, खास चिखलाचे. अनवाणी पाणंदीच्या कडेकडेने तो माळावर गेला, परत आला, पुन्हा गेला. तिसऱ्या खेपेला ग्यानोबाही उठले. बारा गाद्या माळावर पोचल्या. उरलेल्या आठ लग्नघरी गेल्या आणि तिथल्या पाहुण्यांनी दोघांत एक अशी गादी घेतली.

त्या रविवारी माळावरची मंडळी कापसाच्या गादीवर बसून म्हणाली, निसर्गात हेच खरं सुख. हरिओम सरांनी ते लगेच टिपून घेतलं. जीप सोमवारी दुपारी बैलांनी बाहेर काढली. सरांनी पुढच्या शिबिराच्या जाहिरातीत बैलांचाही फोटो टाकला.

पुण्याला फोन गेला नाही. वकार हैदराबादलाही गेला नाही. आता दर रविवारी सरांच्या शिबिराला पिकअप जाते, जुन्याच टायरवर. ती सडकेवर थांबते आणि वकार गाद्या वाहून नेतो. सर त्याला सगळ्यांसमोर 'आमचा टेरेन एक्सपर्ट' म्हणतात, आणि पोरगं खुलतं. कापूस पिंजतानाही आता तो नाकाला रुमाल बांधून बसतो. कोणती गादी वाहायला हलकी हे त्याला कळू लागलंय.

एक हट्ट त्याने सोडला नाही. पिवळे दोन दिवे हवेतच. महिनाभर बापलेकांत त्यावरून वाद चालला. शेवटी मोहियोद्दीन कबूल झाला, पण गजाने मापून. दिवे टपावर बसवले. मग तो वकारला घेऊन सगळ्यात बुटक्या फाटकाच्या हॉस्टेलात गेला आणि स्वतः बाजूला उभा राहून गाडी आत घ्यायला लावली.

"ये... ये... आस्ते..."

गाडी शिरली. वर दोन बोटं जागा राहिली.

"बस," तो मुलाला म्हणाला. "याच्या वर गेलास तर खाली गाद्या कोण देणार?"