बाजेखालचा पाहुणचार

शिवाजीनगरहून बीडची एसटी सुटली तेव्हा माझ्या पिशवीत कपड्यांपेक्षा कापूस आणि गॉजच जास्त होतं. डोळ्यांच्या वॉर्डात उभी हयात घालवून निवृत्त झाल्यावर मी ठरवलं होतं, आता प्रवास फक्त हिंडण्याचा आणि खाण्यापिण्याचा. पण वॉर्डातली जुनी सोबतीण शकुंतला रडवेली होऊन म्हणाली, "दत्तूभाऊचा एक डोळा लहानपणीच गेलाय. उरलेल्याचा पडदा सुटला म्हणून बीडला ऑपरेशन झालं. घरी पथ्य कुणी पाळत नाही. माझा भाऊ आंधळा होईल गं." यावर नाही कसं म्हणणार?

नगर मागे पडलं. कड्याला उसाचे ट्रॅक्टर साखर कारखान्याकडे रांगेने निघाले होते. तिथला चहा इतका गोड, की कारखाना टपरीच्या मागेच असावा. जामखेडनंतर बालाघाटाचे उघडे डोंगर सुरू झाले आणि रस्त्याकडेला सीताफळांच्या पाट्या दिसू लागल्या. पाटोद्याच्या अलीकडे मी घाई केली आणि एक फाटा आधीच उतरले. शेळ्या राखणाऱ्या एका आजोबांना गाव किती लांब म्हणून विचारलं.

"हे काय, हाकंवर हाय," ते म्हणाले.

ती हाक मारणाऱ्याचा घसा केवढा असेल, याचा विचार करत मी भर उन्हात दोन टेकड्या चढले.

पोचले तर दत्तूभाऊ अंगणात ताठ बसलेले. ते पाहून माझं डोकंच फिरलं. अशा ऑपरेशनमध्ये सुटलेला पडदा आतून दाबून धरायला डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडतात. बुडबुडा नेहमी वर चढतो, म्हणून तो पडद्यावर टेकायचा तर रोग्याने दिवसरात्र तोंड खाली ठेवायचं असतं. इथे मात्र भेटायला आलेला प्रत्येक जण भाऊंची हनुवटी धरून मान वर करत होता आणि विचारत होता, "वळखा बरं, मी कोण?" दुसरा बोटं नाचवत होता. गावाने तपासणीचं शिबिरच भरवलं होतं म्हणा ना.

"भाऊ, खाली बघा," मी पिशवी न टेकवताच म्हणाले.

"सिस्टर, पाव्हणा दारात अन् मी पालथा? लोक काय म्हनतील?"

"लोक म्हणतील ते कानांनी ऐका. डोळा माझ्या ताब्यात द्या."

ते हसले, पण त्यांची मान काही खाली गेली नाही. चूक कुणाची म्हणावी? या गावात आजाऱ्याला भेटायला न येणं वाईट आणि आलेल्याकडे मान वर करून न बघणं त्याहून वाईट.

त्यांची बायको कौसाबाई हे सगळं बघत बसली होती. ती उठली आणि तिने बाज ओढून आणली. डोक्याकडचं सुंब सोडून तोंड मावेल एवढी फट केली आणि कडेने मऊ लुगड्याची चुंबळ (हंड्याखाली डोक्यावर ठेवायची कापडी कडी) बांधली. भाऊ पालथे झाले, कपाळ आणि गाल चुंबळीवर टेकले, डोळा मोकळा राहिला.

प्रश्न उरला पाहुण्यांचा. तो भाऊंचे थोरले चुलतभाऊ आबा यांनी सोडवला. पांढरंशुभ्र धोतर सावरत ते घोंगडीवर उताणे झाले आणि सरपटत बाजेखाली शिरले.

"दत्तू, मी आबा हाय. कसा हायस?"

"बरा हाय, आबा. च्या घ्या."

आबांनीच असं केल्यावर बाकीच्यांची काय बिशाद? पुढचा आठवडाभर अख्खी भावकी पाळीपाळीने बाजेखाली लोळून गेली. मी कौसाबाईला हात साबणाने धुऊन, खालची पापणी हलकेच ओढून थेंब घालायला शिकवलं. कुणी गुलाबपाणी आणून दिलं, ते मी आभार मानून फळीवर ठेवलं. जेवण बाजरीची भाकरी, पिठलं आणि ठेचा. ठेच्याने माझ्याच डोळ्यांना धारा लागल्या. रात्री मात्र झोप येईना. पडदा पुन्हा सुटला असेल तर दुसरा डोळा नाही, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

तपासणीला भाऊ जीपमध्ये मान खाली घालूनच बीडला आले. डॉक्टरांनी बराच वेळ पाहिलं. "पडदा बसलाय," ते म्हणाले. "आता मान वर करा. फक्त उताणं झोपू नका."

व्हरांड्यात भाऊंनी हळूच तोंड वर केलं. बुडबुडा अर्धा विरला होता. तो वर असला तरी डोळ्यात चित्र उलटं पडतं, म्हणून अशा वेळी वरच्या बाजूचं स्वच्छ दिसतं आणि बुडबुड्याच्या रेघेखाली सगळं हेलकावतं.

"लिंबाचा शेंडा दिसतोय. खाली समदं पाण्यावानी हलतंय. तू कुठं हायस गं?"

"हितंच हाय," कौसाबाई समोरून म्हणाली.

"न्हाई दिसत."

चार दिवस थांबा, असं मी सांगणार होते. तोवर तिने चपला काढल्या आणि रिक्षावाले, रोगी, सगळ्यांसमोर ती बाकावर चढून उभी राहिली.

भाऊ बघतच राहिले. "लई वाळलीस की."

"उतरू का?"

"थांब जरा."

माझी एसटी चुकली. पुढच्या गाडीत नगरपर्यंत उभी राहून आले, पण त्याचं काही वाटलं नाही. वाटेत शकुंतलेचा फोन आला.

"दिसतंय का गं त्याला? काय दिसलं?"

"बायको," मी म्हणाले.