अल हमराची खारट भिंत

दुबई-शारजात दोन महायुद्धांच्या मधल्या काळातलं बघण्यासारखं बरंच आहे असं म्हटलं की लोक हसतात. मी आर्किटेक्चर शिकलेलो नाही. ड्राफ्ट्समन म्हणून लागलो, बाकीचं पुस्तकं वाचून आणि मापाचा टेप लावून शिकलो. पण सांगतो ते मोजून सांगतो.

२००२च्या जानेवारीतल्या एका शुक्रवारी आम्ही निघालो ते यशवंत मिस्त्रींमुळे. मिस्त्री गुहागरकडचे, आमच्या साइटवर प्लास्टरला. प्रोजेक्ट खलास झाला होता आणि व्हिसा महिनाअखेर संपत होता. शारजात जुनी घरं दुरुस्त करणाऱ्या एका कंत्राटदाराकडे मी त्यांच्यासाठी शब्द टाकला होता. शनिवारी सकाळी चाचणी होती: जुन्या भिंतीचा तुकडा दुरुस्त करून दाखवायचा. जमलं तर नोकरी, नाहीतर घरी परत, आणि गावाकडे मुलीचं डी.एड. अर्ध्यावर. त्याआधी जुनी भिंत म्हणजे काय ते त्यांना दाखवावं, असं मी ठरवलं.

सकाळी सातला दुबईत रास अल खोरच्या लेबर कॅम्पवरून त्यांना घेतलं. मागच्या सीटवर माझी बारा वर्षांची सई, अर्धवट झोपेत.

पहिला थांबा शारजातलं जुनं विमानतळ. तिशीच्या दशकात लंडनहून हिंदुस्थानकडे जाणारी विमानं इथे मुक्कामाला उतरत, त्या प्रवाशांसाठी हे विश्रामगृह बांधलं. बाहेरून किल्ला, बुरुजासकट. आत जेवणाचा हॉल आणि निजायच्या खोल्या. धावपट्टीचा आता रस्ता झालाय. त्यावरून तुम्ही रोज गाडी नेता, पण कळत नाही. आर्किटेक्टचं नाव मला खात्रीने सापडलेलं नाही, म्हणून लिहीत नाही. आम्ही गेलो तेव्हा शुक्रवारी सकाळी आत सोडत नव्हते. तुम्ही वेळ विचारून जा.

तिथून अजमान, उम्म अल कुवैन करत रास अल खैमाच्या अलीकडे जझिरात अल हमरा, तासाभराचा सरळ रस्ता. वाटेत टपरीसमोर हॉर्न वाजवला की चहा गाडीत येतो. कप पन्नास फिल्स, म्हणजे तेव्हाचे साडेसहा रुपये. चहा पिताना मी मिस्त्रींना चाचणीचा धडा दिला. एकास सहा सिमेंट-वाळू, पाणी बेताचं, कडा स्वच्छ. कागदावर लिहूनही दिलं. ते प्रत्येक वाक्याला “हो साहेब” म्हणत होते.

अल हमरा हे मोती काढणाऱ्यांचं गाव, आता रिकामं. मोत्यांचा धंदा चालला तोवर इथे पैसा होता, आणि तो घरांत दिसतो. समुद्रातल्या प्रवाळाच्या दगडाच्या भिंती, छताला आफ्रिकेतून आलेले वासे, एका व्यापाऱ्याच्या घरावर वारा खाली आणणारा मनोरा. खोल्या सगळ्या अरुंद, कारण वासा जेवढा लांब तेवढीच खोली रुंद. पाणी बरोबर न्या. जवळपास दुकान नव्हतं.

एका भिंतीला कोणीतरी सिमेंटचं ठिगळ लावलेलं होतं. मी ते नमुना म्हणून दाखवलं: बघा, किती टणक राहिलंय. मिस्त्रींनी शेजारचा दगड नखाने खरवडला, बोटावरची पूड जिभेला लावली.

“बाबा, ही जस्ट लिक्ड द वॉल,” सई म्हणाली.

“साहेब, एक बोलू? रागावणार नाय ना?” मिस्त्री म्हणाले. “हा दगड दर्यातला, मीठ आत हाय. सिमेंटनं तोंड बंद केलं की मीठ बाजूनं निघतं नि दगडाचं पीठ करतं. आमच्याकडं जांभ्याला माझा बापूस चुनाच लावायचा.”

मी टेप काढला. लावताना ठिगळ भिंतीच्या पातळीतच असणार. आता ते चारी बाजूंनी अठरा मिलिमीटर पुढे होतं. ठिगळ जागचं हललं नव्हतं, भिंत झिजून मागे गेली होती.

“मग सकाळपासून हो साहेब, हो साहेब काय चाललं होतं?”

“तुमी माझ्यासाठी शब्द टाकलाय. तुमचं कसं मोडू?”

उद्या काय लावणार, विचारलं. म्हणाले, तुम्ही सांगाल ते. कागद त्यांनी घडी करून खिशात ठेवलेला मला दिसत होता.

परतताना उम्म अल कुवैनला मासे-भात खाल्ला, तिघांचे मिळून तीस दिरहम, जवळजवळ चारशे रुपये. सुरमई ताजी होती, पण मला चव लागली नाही. तीस वर्षं मी लोकांना शिकवत आलो होतो. जे म्हणायचं होतं ते कॅम्पच्या फाटकाशी गाडी थांबेपर्यंत तोंडातून निघालं नाही.

“मिस्त्री, तो कागद द्या इकडे,” मी म्हणालो. “माझं चुकलं. उद्या बापाचं ऐका.”

शनिवारी दुपारी आमच्या अल नहदातल्या घरी मिस्त्रींचा फोन आला. चाचणीला आलेल्या बाकीच्या दोघांनी तयार ठेवलेलं सिमेंट उचललं होतं. मिस्त्रींनी आधी त्या प्रवाळाच्या भिंतीतलं मीठ गोड्या पाण्याने धुतलं, आणि चुना मागून घेतला.

“घेतलं मला, साहेब. हे कुठं शिकलास म्हणून विचारलं. मी तुमचं नाव सांगितलं.”

पुढे तो कंत्राटदार भेटला तेव्हा माणूस छान तयार केलात म्हणाला, आणि मी थँक्यू म्हणालो. प्रवासातली मापं माझ्या वहीत आजही बरोबर आहेत. पण मिस्त्रींना मी काहीच शिकवलं नव्हतं, आणि जे शिकवायला निघालो होतो त्याने चाचणीची ती भिंत पडली असती, हे आज पहिल्यांदा लिहितोय.