सीधी बाजू
आज उज्जैनच्या फ्रीगंजात ऑटोवाल्याला सवयीने म्हटलं, "भैया, सीधे हाथ पे," आणि स्फटिकाला तारा चिकटवायच्या सिल्व्हर पेस्टचा तो उग्र वास कित्येक वर्षांनी नाकात आल्यासारखा वाटला. तेव्हा मी इंदूरच्या एका प्रयोगशाळेत संशोधन करायचो. उज्जैनहून रोज बसने जाऊन-येऊन जीव मेटाकुटीला यायचा. आमचा स्फटिक तांदळाच्या दाण्याएवढा. वीज चुंबकाच्या एका ध्रुवाकडून दुसऱ्याकडे सोडली तर त्याचा विजेला होणारा रोध घटायला हवा होता, आडवी सोडली तर तो वाढणारच, आणि आमचं सगळं काम त्या घटण्यावर अडलेलं. चुंबकाचे ध्रुव डावी-उजवीकडे होते, म्हणजे स्फटिकही तसाच बसवायचा. महिनोन्महिने वाट पाहून स्फटिक गार करायला द्रव हेलियम मिळालं आणि नेमका त्याच दिवशी मी तापाने घरी पडलो. सोबत काम करणारी मुलगी पुण्याची. तिने फोनवर विचारलं, "स्फटिकाच्या टोकाचा लाल ठिपका कुठे घेऊ?" मी ग्लानीतच म्हणालो, "सीध्या बाजूला घे." आम्हा उज्जैनच्या मराठी लोकांत सीधी बाजू म्हणजे उजवी, पण तिने 'सीधी' म्हणजे सरळ समजून ठिपका समोर घेतला. स्फटिक आडवा बसला, दिवसभर रोध वाढत राहिला आणि संध्याकाळी हेलियम संपलं. दोन दिवसांनी सरांनी माझ्यासमोरच तिला विचारलं, "साधी दिशा कळत नाही तुला?" तिने माझ्याकडे पाहिलं. ताप तर केव्हाच उतरला होता, तरी मी थकल्यासारखा खाली मान घालून बसलो. ऑटोवाला काही न विचारता उजवीकडे वळला.