शिशाचा थर आणि येळवस

माझा एक आकडा माझ्या गाईडसरांना पटत नव्हता आणि त्यावर माझी पीएच.डी. अडून बसली होती. शिसं भयंकर थंड केलं की ते अतिसंवाहक होतं, म्हणजे वीज त्यातून बिनविरोध वाहते. चुंबक लावला की हे बिघडतं, हे पुस्तकात आहेच. पण माझ्या शिशाच्या पातळ थरात चुंबकी अणूंची चिमूटभर भेसळ होती, आणि थराला समांतर चुंबकीय क्षेत्र दिलं की तो कमी थंडीतच अतिसंवाहक व्हायचा. सगळं उलटंच! सर म्हणाले, क्षेत्रात तुझा थर्मामीटर खोटं बोलतोय. माझं डोकंच फिरलं. पुन्हा मोजलं, पुन्हा तेच. शेवटी ठरलं, त्याच थर्मामीटरवर बिनभेसळीचा थर मोजायचा. तोही चुंबकात कमी थंडीतच अतिसंवाहक झाला तर खोट थर्मामीटरची, आणि माझं सगळं काम पाण्यात.

मोजणीची पाळी नेमकी येळवशीच्या दिवशी आली. अमावस्येला रानात जेवायला आली न्हाईस तर तोंड दाखवू नको, असं आईनं बजावलेलं. म्हणून मशीन प्रयोगशाळेतल्या मैत्रिणीच्या हवाली केलं आणि गावी, बेंबळीला आले.

शेतात कडब्याच्या कोपीत पूजा झाली. भज्जी, उंडे, आंबील समोर आलं, पण मी एकच उंडा चिवडत फोनकडं बघत होते. त्यात चुलत्यांनी विचारलं, लोहचुंबकाला काही चिकटलं का गं? सगळे हसले. मला लई राग आला. म्हटलं, ऐका. थंड शिशात वीज इलेक्ट्रॉनांच्या जोडीनं चालते, बैलजोडीसारखी. भेसळीचे अणू म्हणजे वाटेत हव्या त्या दिशेला तोंड करून उभी मोकाट जनावरं, ती जोडी फोडतात. चुंबक त्यांची तोंडं एकीकडं करतो, मग जोडी निभावून जाते.

"पण हे खरं कशावरनं?" चुलत्यांनी विचारलं.

तेवढ्यात फोन वाजला. बिनभेसळीच्या थराला चुंबकात जास्तच थंडी लागली होती, पुस्तकात आहे तशीच, आणि पलीकडून सरच बोलत होते.

"थर्मामीटर खरा होता. चूक माझी. पेपर लिहायला घे."

मी अशी ओरडले की शेजारच्या रानातली माणसं उठून उभी राहिली. आई रडायलाच लागली. त्या दिवशी जेवायला येणाऱ्या प्रत्येकाला चुलते जनावरांची तोंडं एकीकडं कशी करायची ते सांगत होते, जणू थर त्यांनीच मोजलाय. मी कुठंही दुरुस्ती केली नाही. मी पाचवा उंडा खात होते.